कूस बदलल्यानंतर: नर्सिंग विद्यार्थिनीने पाहिलेल्या पहिल्या मृत्यूचा प्रकरण अभ्यास

नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने पहिला मृत्यू पाहिला की पुढे तिच्या मनाचे काय होते, याचे स्पष्टीकरण बहुधा तिच्या स्वभावात शोधले जाते. ती हळवी आहे, ती धीट आहे, तिला अजून सवय नाही, अशी वाक्ये वॉर्डात सहज ऐकू येतात. पुढील प्रकरणातून मला असे दाखवायचे आहे की अशा विद्यार्थिनीच्या दुःखाच्या पोटात पुष्कळदा एक नेमका, वैद्यकीय स्वरूपाचा प्रश्न अडकलेला असतो. त्याचे खरे उत्तर मिळेपर्यंत सांत्वनाचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि ते उत्तर तिला शिकवणारी व तिच्याबरोबर ड्यूटी करणारी माणसेच देऊ शकतात.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. मेडिकल वॉर्डातील सुरुवातीच्या पोस्टिंगमध्ये जे पुन्हा पुन्हा घडते, त्यातून ते रचले आहे. म्हणून त्यातील कोणालाही नाव दिलेले नाही.

घटना

विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाची, वय २० वर्षे. मेडिकल वॉर्डातील पोस्टिंगचा तिचा तिसरा आठवडा चालू होता. तिच्याकडे सोपवलेल्या रुग्णांमध्ये एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचा फुफ्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत आणि हाडांपर्यंत पसरला होता. आजारावरचे उपचार थांबवून वेदना व धाप कमी ठेवण्यावर भर द्यायचा, आणि हृदय थांबल्यास सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करायचा नाही, असा निर्णय रुग्ण, कुटुंब आणि डॉक्टर यांनी मिळून घेतला होता व मृत्यूच्या दोन दिवस आधी तो फाइलमध्ये नोंदवलाही होता. विद्यार्थिनीने फाइल पाहिली होती. पण त्या नोंदीचा प्रत्यक्ष अर्थ काय, म्हणजे त्या क्षणी आपण उभे राहून काय करायचे आणि काय करायचे नाही, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते.

आठ दिवस ती त्यांची शुश्रूषा करत होती. तोंडाची स्वच्छता, पाठीची काळजी, दर दोन तासांनी कूस बदलणे आणि वेदनेची नोंद ही तिची कामे होती. गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. नाडी मोजताना ती मनातल्या मनात आकडे मोजते हे लक्षात आल्यावर त्यांनी तिला सांगितले, "मोठ्याने मोज, म्हणजे चुकणार नाहीस." तेव्हापासून रोज सकाळी ती त्यांच्यासमोर नाडी मोठ्याने मोजू लागली. ती त्यांना आजोबा म्हणत असे.

नवव्या दिवशी सकाळच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकांना देताना, त्यांच्याविषयी एवढेच सांगण्यात आले: "तेरा नंबर, कम्फर्ट केअर, रात्रभर झोपेतच." कम्फर्ट केअर म्हणजे फक्त त्रास कमी ठेवणारी शुश्रूषा. खरे पाहता रात्रीच्या नोंदींमध्ये बरेच काही होते. मध्यरात्रीनंतर लघवी जवळजवळ झाली नव्हती, हाक मारल्यावर प्रतिसाद येत नव्हता, गुडघ्यांवर आणि पावलांवर जांभळट चट्टे दिसू लागले होते आणि श्वासाची लय बदलली होती. काही श्वास खोल जात, मग उथळ होत आणि मग काही सेकंद श्वास पूर्ण थांबे. अनुभवी परिचारिकेला या चार नोंदी एकत्र वाचल्या की कळते की आता बहुधा काही तासांचा प्रश्न आहे. विद्यार्थिनीला त्या चार वेगवेगळ्या रकान्यांतील चार नोंदी वाटल्या.

साडेअकराच्या सुमारास तिने आणि एका स्टाफ सिस्टरने त्यांना डाव्या कुशीवर वळवले, पाठ पुसली, चादर सरळ केली. सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. काही मिनिटांत श्वासांमधील खंड लांबत गेले आणि एका खंडानंतर पुढचा श्वास आलाच नाही. विद्यार्थिनीने हाक मारली, त्यांना पाठीवर वळवले आणि दोन्ही हात छातीच्या मध्यावर ठेवले. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या, त्यांनी तिचे मनगट धरले आणि म्हणाल्या, "नाही, यांना करायचं नाही." ड्यूटी डॉक्टरांनी तपासून मृत्यूची वेळ नोंदवली.

त्यानंतर अर्ध्या तासात तिला शेजारच्या खाटांवरील रुग्णांचे तापमान घ्यायला सांगण्यात आले. नातेवाईक भेटून गेल्यावर तिने एका ज्येष्ठ परिचारिकेबरोबर मृतदेहाची शेवटची शुश्रूषा केली. डोळे मिटवणे, कवळी बसवणे, डोके उशीवर थोडे उंच ठेवणे ही कामे वेळेत करावी लागतात, कारण काही तासांत जबडा आणि चेहरा ताठर होऊ लागतो. अंग पुसण्यासाठी मृतदेह कुशीवर वळवला, तेव्हा छातीतून हवा बाहेर पडली आणि कण्हल्यासारखा आवाज आला. विद्यार्थिनी मागे सरकली. ज्येष्ठ परिचारिकेला तो आवाज इतका परिचयाचा होता की तिने मान वर करूनही पाहिले नाही.

पुढचे दहा दिवस

वॉर्डात ती रडली नाही. हॉस्टेलवर बाथरूमचा नळ सोडून रडली. वरच्या वर्गातील मुलींनी तिला जवळ घेतले, त्यांच्या पहिल्या वेळचे अनुभव सांगितले आणि "सवय होईल" असा धीर दिला. तो मनापासून दिलेला होता आणि त्याचा थोडा उपयोगही झाला. एकटेपणा कमी झाला. परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुसऱ्याच गोष्टी दिसू लागल्या. एकाच रुग्णाची नाडी ती दोन-तीन वेळा मोजू लागली आणि मधेच आकडा विसरू लागली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस बदलण्याची वेळ आली की ती दुसरे काम शोधून काढी. तेरा नंबरच्या खाटेवर नवा रुग्ण आला होता. त्याच्याशी ती नीट बोलत असे, पण त्याला हात लावावा लागेल अशी कामे मैत्रिणीकडे देई. झोप तुटक झाली होती.

तिच्या बॅचमधील एक विद्यार्थी मृत्यूच्याच दिवशी दुपारी चहाच्या वेळी मोठमोठ्याने हसत होता आणि काहींनी त्याला निर्दय ठरवले. मला हा निवाडा घाईचा वाटतो. मृत्यूच्या जवळून परत आलेले माणूस हसते, भांडते, अतोनात जेवते किंवा अभ्यासाला बसते. पहिल्या दिवसाच्या वागण्यावरून कोणाला किती लागले आहे हे ओळखता येत नाही. दहाव्या दिवशी कोण कोणते काम टाळते आहे, हे पाहिले तर पुष्कळ अधिक कळते.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे, म्हणजे नकार, राग, सौदा, नैराश्य आणि स्वीकार, या मुलीने वर्गात शिकले होते आणि परीक्षेत लिहिले होते. आता ती स्वतःला त्यांत बसवू पाहत होती. "मला राग येत नाही, म्हणजे मी अजून पहिल्याच टप्प्यावर आहे का?" असे तिने मैत्रिणीला विचारले. ते टप्पे मुळात स्वतःचा मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते. शोकाचे वेळापत्रक म्हणून ते शिकवले की विद्यार्थिनीच्या डोक्यावर आणखी एक ओझे येते: आपण दुःखसुद्धा चुकीच्या क्रमाने करत आहोत की काय, ही शंका.

वहीतील दोन ओळी

तिची अवस्था ट्यूटरच्या लक्षात आली ती पोस्टिंगच्या अनुभव-वहीमुळे. पहिल्या आठ दिवसांची पाने भरगच्च होती. आजोबा काय बोलले, कोणत्या कुशीवर त्यांना कमी दुखत होते, तोंड कोरडे पडल्यावर काय केले, हे सारे बारकाईने लिहिलेले होते. नवव्या दिवसाच्या पानावर दोनच ओळी होत्या: "११.४० वाजता रुग्णाचा मृत्यू झाला. शेवटची शुश्रूषा करण्यात आली." आठ दिवस प्रत्येक वाक्यात "मी" होती आणि नवव्या दिवशी ती एकाएकी नाहीशी झाली होती. ट्यूटरने वहीवर काही शेरा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्यांनी तिला वॉर्डाजवळच्या रिकाम्या खोलीत बोलावले आणि वॉर्ड इन्चार्जच्या परवानगीने रुग्णाची फाइल बरोबर घेतली.

"कसं वाटतंय?" असे त्यांनी विचारले नाही. या प्रश्नाला विद्यार्थिनी "ठीक आहे मॅडम" असेच उत्तर देतात, कारण समोरची व्यक्ती त्यांचे गुणही देणार असते. त्यांनी विचारले, "त्या सकाळची कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते?" बऱ्याच वेळाने उत्तर आले: "मी कूस बदलली आणि ते गेले. मी वळवलं नसतं तर?"

दहा दिवसांत हे वाक्य तिने प्रथमच उच्चारले होते. हॉस्टेलवर तिला समजावणाऱ्या मुलींना या प्रश्नाची कल्पना नव्हती. त्या मृत्यूविषयी बोलत होत्या आणि ही स्वतःच्या हातांविषयी विचार करत होती.

फाइल समोर ठेवून

"छे, असं काही नसतं, मनात आणू नकोस" हे वाक्य ट्यूटरच्या तोंडी आले नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील निर्णायक गोष्ट हीच आहे. त्या म्हणाल्या, "तुझा प्रश्न बरोबर आहे. आपण नोंदी वाचू या." मग रात्री बारापासूनची प्रत्येक नोंद त्यांनी तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. लघवी, प्रतिसाद, चट्टे, श्वासाची लय या चारही गोष्टी एका कागदावर वेळेप्रमाणे मांडल्यावर विद्यार्थिनीला स्वतःलाच दिसले की ती ड्यूटीवर येण्याच्या कितीतरी आधी शरीर थांबण्याच्या वाटेवर होते.

त्यानंतर ट्यूटरने जे सांगितले ते अधिक अवघड होते. शेवटच्या तासांत शरीर इतके थकलेले असते की कूस बदलताना किंवा तोंड पुसतानाही श्वास थांबू शकतो. अनुभवी परिचारिकांनी हे पाहिलेले असते. "वळवण्याने काही मिनिटांचाही फरक पडला नसेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण ते आजाराने गेले, तुझ्या हाताने नाही." शिवाय त्यांनी एक व्यावसायिक मुद्दा उघड केला. मृत्यू काही तासांवर आला असताना दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेहमीचा क्रम तसाच चालू ठेवण्याची गरज नसते. रुग्णाला जे सुखावह वाटेल तेवढेच करायचे असते, आणि हालचालीने दुखणार असेल तर आधी वेदनाशामक मात्रा देण्याचा विचार करायचा असतो. क्रम बदलण्याचा निर्णय रात्री किंवा सकाळच्या हँडओव्हरमध्ये व्हायला हवा होता. तो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा निर्णय नव्हता.

हे ऐकताना विद्यार्थिनी रडली. कोरडे आश्वासन मिळाले असते तर तिने ते आदराने ऐकून घेतले असते आणि मनात जपलेला प्रश्न तसाच ठेवला असता, असे मला वाटते. खरे उत्तर देताना ट्यूटरने अनिश्चिततेचा छोटा भाग झाकला नाही, म्हणून उरलेल्या मोठ्या भागावर तिचा विश्वास बसला.

पुढे मनगट धरल्याची गोष्ट निघाली. आजोबांना वाचवता येत असताना आपल्याला थांबवले गेले, असे तिला वाटत होते. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल छाती दाबावी लागते आणि त्यात बरगड्या मोडू शकतात. पसरलेल्या कर्करोगाने शरीर थांबत असताना त्याने मृत्यू टळत नाही, फक्त शेवटची मिनिटे क्लेशाची होतात. सिस्टरने तिला नव्हे, तर आजोबांनी स्वतः नको म्हटलेली गोष्ट थांबवली होती. मृतदेहातून आलेल्या आवाजाचे कारणही तेव्हाच सांगितले गेले: फुफ्फुसांत उरलेली हवा शरीर वळवताना स्वरयंत्रातून बाहेर पडते. ही माहिती आधी दिली असती तर एका वाक्याचे काम होते. ती न दिल्यामुळे मुलीने दहा रात्री तो आवाज ऐकला.

प्रकरणाचा अर्थ

इझाबेल मेन्झीज यांनी १९६० मध्ये लंडनमधील एका शिक्षण रुग्णालयातील नर्सिंग सेवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की रुग्णाच्या वेदनेजवळ राहण्यातून जी चिंता उत्पन्न होते, तिच्यापासून कर्मचाऱ्यांना वाचवण्यासाठी रुग्णालयाची कामाची पद्धतच तशी घडत जाते. काम तुकड्या-तुकड्यांत वाटले जाते, रुग्णाचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराच्या नावाने होतो, भावना आवरणे ही व्यावसायिकतेची खूण मानली जाते. त्या रुग्णालयात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या. आपल्या प्रकरणातील "तेरा नंबर, कम्फर्ट केअर" हे वाक्य याच जातीचे आहे. ते बोलणारी परिचारिका दुष्ट नव्हती. रात्रभराच्या ड्यूटीनंतर तिला उभे राहता यावे म्हणून ते वाक्य तिच्या उपयोगाचे होते. मात्र तिला आधार देणाऱ्या त्याच वाक्याने विद्यार्थिनीपासून सर्वांत आवश्यक माहिती लपवली.

अमेरिकेत जीन क्विंट यांनी १९६७ मध्ये विद्यार्थिनींच्या मृत्यूशी येणाऱ्या संबंधाचा अभ्यास मांडला. जीव वाचवण्याची कौशल्ये शिस्तीने शिकवली जातात आणि मरणाऱ्या माणसाजवळ कसे थांबायचे हे योगायोगावर सोडले जाते, ही त्यांची खंत आजही लागू पडते. छातीवर हात ठेवण्याची कृती या मुलीला पुतळ्यावर सरावाने येत होती. हात न ठेवता शेजारी बसून राहण्याचा सराव तिला कोणी दिलाच नव्हता, त्यामुळे तिच्या हातांनी जे येत होते ते केले.

तिच्या शोकाला जागा न मिळण्याचे आणखी एक कारण होते. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाने मान्यता न दिलेल्या शोकाची कल्पना मांडली. जिच्याशी आपले नाते इतरांच्या दृष्टीने नातेच नाही, अशा व्यक्तीसाठी दुःख करण्याचा हक्क आपल्याला नाही असे माणसाला वाटते. आठ दिवसांची ओळख असलेल्या रुग्णासाठी रडणे ही विद्यार्थिनीला स्वतःलाच अनाठायी गोष्ट वाटत होती, विशेषतः त्यांची मुलगी बाहेर उभी असताना. ट्यूटरने वहीतील पहिली आठ पाने तिच्यासमोर ठेवली आणि एवढी काळजी घेतलेल्या माणसाविषयी दुःख होणे स्वाभाविक आहे, असे सांगितले. त्याहून जास्त काही बोलण्याची गरज पडली नाही.

दुःख आवरावे की व्यक्त करावे, हा वाद मला फारसा उपयोगी वाटत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली दुहेरी प्रक्रियेची कल्पना या मुलीच्या अनुभवाशी अधिक जुळते: माणूस कधी दुःखाला सामोरे जाते, कधी रोजच्या कामाकडे वळते, आणि या ये-जा करण्यानेच ते सावरते. तापमान घ्यायला पाठवणे ही स्वतःत क्रूर गोष्ट नव्हती, कामाने तिला त्या दुपारी आधारच दिला. परत येण्याची वाट मात्र कोणी खुली ठेवली नव्हती. तापमान घेऊन झाल्यावर तिला कोणीही थांबवून काही विचारले नाही.

घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून सक्तीने सारे बोलायला लावणे हा उपाय सुचवला जातो. त्याबाबत सावध राहावे. मानसिक आघातानंतरच्या एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगचा २००२ चा कॉक्रेन आढावा (उपलब्ध संशोधनांची एकत्रित तपासणी) असे सांगतो की त्याने पुढील आघातविकार टळतो याचा पुरावा नाही, आणि त्याची सक्ती करू नये. इथे ट्यूटरने केलेले काम त्याहून वेगळे होते. नेमका प्रश्न ऐकणे, त्याला माहितीने उत्तर देणे आणि पुढेही भेटत राहणे, एवढेच ते होते. त्यांनी तिला स्पष्टपणे हेही सांगितले की झोप आणखी काही आठवडे अशीच राहिली, तेच दृश्य नकळत डोळ्यांसमोर येत राहिले, ड्यूटीला जाणे अशक्य वाटू लागले, झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावासा वाटला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. ते ट्यूटरच्या आवाक्यातले काम नाही आणि तिथे जाण्याने गुणांवर किंवा शिक्षणावर कोणताही परिणाम होणार नाही.

नंतरचे काही

पुढच्या आठवड्यात ट्यूटरने तिला अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्णाची कूस बदलण्याचे काम स्वतःबरोबर दिले. ती थरथरली, पण तिने ते केले. साधारण सहा आठवड्यांनी तिच्या ड्यूटीत दुसरा मृत्यू झाला. त्या वेळी श्वासाची बदललेली लय तिनेच ओळखून सिस्टरला सांगितली, नातेवाईकांना वेळेवर बोलावता आले, आणि ती शेवटपर्यंत खाटेजवळ थांबली. त्या रात्रीही तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नाडी एकदाच मोजली.

वॉर्डाने एक बदल केला: मृत्यू जवळ आलेल्या रुग्णाविषयी हँडओव्हरमध्ये "आज होऊ शकतं" असे स्पष्ट सांगायचे, सीपीआरचा निर्णय काय आहे ते विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे, आणि अशा रुग्णाजवळ पहिल्यांदाच काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एकटे सोडायचे नाही. यासाठी जादा मनुष्यबळ लागले नाही, पण गर्दीच्या दिवशी तिसरी गोष्ट पाळली जात नाही, हेही खरे आहे.

एक बाजू मात्र या प्रकरणात मोकळीच राहिली. विद्यार्थिनीचे मनगट धरणाऱ्या सिस्टरबरोबर कोणी बसले नाही. एका घाबरलेल्या मुलीचे हात मृत्यू पावणाऱ्या माणसाच्या छातीवरून बाजूला करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते, आणि दोन मिनिटांत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या होत्या. विद्यार्थिनीसाठी निदान ट्यूटर आणि वही होती. नोकरीत असलेल्या परिचारिकेसाठी त्या वॉर्डात तशी कोणतीच सोय नव्हती. ट्यूटरने हा मुद्दा नर्सिंग अधीक्षकांकडे लेखी मांडला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.